बचाव पथकांची परीक्षा पाण्यात आणि डोंगरात घ्या: खान्देशच्या तिन्ही जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार

सप्रेम नमस्कार.

आपल्या तिन्ही जिल्ह्यांतील स्वयंसेवी शोध व बचाव पथकांसाठी प्रशिक्षणाचे एकच मानक ठरवावे, त्यानुसार प्रत्यक्ष पाण्यात, दोरावर आणि डोंगरात परीक्षा घ्यावी, आणि जो उत्तीर्ण होईल त्याला ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र द्यावे, ही मागणी घेऊन हे पत्र लिहीत आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ प्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष आपण आहात, म्हणून मागणी थेट आपल्याकडे. पत्र खुले ठेवले, कारण ज्यांच्याविषयी ते आहे ती माणसे कलेक्टर कचेरीची पायरी सहसा चढत नाहीत. तापीकाठचे भोई आणि कोळी, सातपुड्यातले पावरा आणि भिल तरुण, गावोगावचे सर्पमित्र, तालमीतली मुले, गणेश मंडळांचे कार्यकर्ते. नदीला पूर आला, कुणी विहिरीत पडले, घाटात गाडी गेली की फोन यांनाच जातो. ते चहा अर्धा टाकून निघतात.

आधी त्यांच्याशिवाय चालणार का, हे पाहू. पाण्यात बुडून श्वास थांबला की मेंदू चार ते सहा मिनिटांत कायमचा दुखावू लागतो. धुळ्यात राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आहे, ही खान्देशाची मोठी जमेची बाजू. राष्ट्रीय दलाची पाचवी बटालियन पुण्याजवळ आहे. दोन्ही दलांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण दल कितीही तत्पर असले तरी चार मिनिटांत सारंगखेड्याला किंवा हतनूर धरणाखालच्या एखाद्या गावाला पोहोचू शकत नाही. सातपुड्यात तर अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये चांदसैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला आणि एका माणसाला आजारी पत्नीला खांद्यावर घेऊन चालत निघावे लागले. ती वाचली नाही. त्याच्या काही दिवस आधी, ३१ ऑगस्टला, चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांचे पाणी रात्रीत गावात शिरले आणि कन्नड घाटात दरडी येऊन वाहतूक थांबली. पावसाचा जोर जिथे सर्वांत जास्त असतो तिथलाच रस्ता आधी तुटतो. तेव्हा पहिला तास, कधी कधी पहिली रात्र, गावाच्याच हातात असते.

आणि याच पहिल्या तासात वाचवायला गेलेला माणूसही जातो.

विहिरीचे उदाहरण घ्या. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात पाणी खोल गेले, तशा विहिरीही खोल गेल्या. गाळ काढायला किंवा मोटार बघायला एकजण उतरतो आणि तळाशी पोहोचताच निपचित पडतो. वरून भाऊ बघतो, तोही उतरतो. मग शेजारी. एकाच्या जागी तिघांचे मृतदेह वर येतात, अशा बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. अमेरिकेतील कामगार सुरक्षेच्या राष्ट्रीय संस्थेने १९८६ मध्येच नोंदवले होते की बंदिस्त जागांमध्ये मरणाऱ्यांत ६० टक्क्यांहून अधिक माणसे वाचवायला गेलेली असतात. आपल्याकडे उतरण्याआधी कंदील किंवा दिवा सोडून बघण्याची रीत आहे. ती चांगली आहे, पण अपुरी आहे. दिवा विझला तर प्राणवायू कमी आहे एवढे कळते. डिझेल इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड किंवा कुजलेल्या गाळातला हायड्रोजन सल्फाइड जीव घेण्याइतका साठलेला असला तरी दिवा खुशाल जळत राहतो. हायड्रोजन सल्फाइडला सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, आणि प्रमाण वाढले की नाकाला तो वास येणेच बंद होते. माणसाला वाटते, हवा सुटली. चार वायू मोजणारे छोटे यंत्र, खाली ताजी हवा सोडणारा पंखा, वर यारी किंवा तिपाई, आणि उतरणाऱ्याच्या अंगात हार्नेस. एवढे जवळ नसेल तर कुणीही उतरायचे नाही. सख्खा भाऊ खाली पडलेला असताना वरच थांबायचे, हे शिकवल्याशिवाय आणि सरावाशिवाय कुणालाही जमत नाही.

पाण्याचेही तसेच. सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा ही तापीवरची बॅरेजेस आणि पांझरा, गिरणा, बोरी, अनेरवरचे लहानमोठे बंधारे ही आपली रोजची ओळखीची ठिकाणे. बंधाऱ्यावरून पडणारे पाणी पायथ्याशी उलटे फिरते आणि वर आलेली प्रत्येक वस्तू पुन्हा भिंतीकडे ओढते. त्या फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, म्हणून लाइफ जॅकेट नेहमीइतके वर उचलत नाही आणि बोटीचा पंखा पाणी पकडत नाही. काठावरून ते पाणी फारसे धोक्याचे वाटत नाही. पट्टीचा पोहणारा तिथे उडी मारतो, कारण त्याने आयुष्यभर तापी पोहून काढलेली असते. पोहता येणे आणि वाहत्या पाण्यातून दुसऱ्याला काढता येणे ही दोन वेगळी कामे आहेत.

२३ मे २०२४ रोजी अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरेत बुडालेल्यांचा शोध घेताना राज्य दलाची बोट उलटली आणि तीन जवान गेले. ती तुकडी आपल्या धुळ्याहून गेलेली होती. जी माणसे रोज हेच काम करतात त्यांच्यावरही नदी अशी उलटते. मग एका दिवसाच्या शिबिरावर आपण गावातल्या पोराला पुरात उतरवतो, तेव्हा काय करतो आहोत याचा विचार व्हावा.

कारण सध्या बहुतेक ठिकाणी होते ते असे. सकाळी उद्घाटन, मग व्याख्यान, रबरी पुतळ्यावर दोन-चार जणांकडून छाती दाबून घेणे, दुपारी जेवण, संध्याकाळी प्रमाणपत्र आणि फोटो. पाण्याजवळ कुणी जात नाही. त्या प्रमाणपत्रावर किती तास शिकवले, काय शिकवले, कोणी तपासले, कधीपर्यंत चालेल, यातले काहीच लिहिलेले नसते. पुढे पुरात तहसीलदारांना पथक हवे असते तेव्हा ते कागद असलेल्या मुलाला बोलावतात. त्याला नाही म्हणता येत नाही.

केंद्राची ‘आपदा मित्र’ योजना याहून खूप चांगली आहे, हे सांगायलाच हवे. २०१६ मध्ये ३० पूरप्रवण जिल्ह्यांत ती प्रायोगिक सुरू झाली, नंतर ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवकांपर्यंत नेण्याचे ठरले. बारा दिवसांचे प्रशिक्षण, किट, विमा असे तिचे स्वरूप आहे. माझी मागणी तिला पर्याय म्हणून नाही. त्या बारा दिवसांना पाया मानून त्याच्यावर आपल्या नद्या, आपले डोंगर, आपल्या विहिरी यांची कौशल्ये चढवावीत आणि ती टिकून आहेत का हे तपासत राहावे, एवढेच म्हणणे आहे.

बाहेर हे कसे केले जाते, यातले दोन-तीन धडे आपल्या कामाचे आहेत. १९८५ चा मेक्सिकोतला आणि १९८८ चा आर्मेनियातला भूकंप, या दोन्ही ठिकाणी जगभरातून पथके धावली, पण एकाचे दुसऱ्याला कळत नव्हते. त्यातून १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली ‘इन्साराग’ हा सल्लागार गट उभा राहिला. तो पथकांची हलके, मध्यम, अवजड अशी वर्गवारी करतो आणि वर्ग मिळालेल्या पथकाला दर पाच वर्षांनी पुन्हा परीक्षा द्यावी लागते. दुसरा धडा अमेरिकेतील अग्निसुरक्षा संघटनेच्या मानकांतला, आणि माझ्या मते तो सर्वांत मोलाचा. तिथे प्रत्येक प्रकारच्या बचावकार्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवरचा माणूस धोका ओळखतो, लोकांना मागे हटवतो, योग्य पथकाला बोलावतो, आणि स्वतः आत जात नाही. दुसऱ्या पायरीवरचा मर्यादित काम करतो. तिसऱ्या पायरीवरचा तज्ज्ञ. म्हणजे प्रमाणपत्र माणसाला काय करता येते ते सांगते, तसेच त्याने काय करायचे नाही तेही सांगते.

खान्देशात पहिल्या पायरीची माणसे प्रत्येक गावात हवीत. पोलीस पाटील, कोतवाल, आशाताई, वनरक्षक, नदीकाठच्या शाळेतले शिक्षक. त्यांना दोन दिवस पुरतील. बुडणाऱ्याकडे काठी किंवा ओढणी करा, दोर टाका, रिकामा कॅन टाका, होडी न्या, आणि पाण्यात उतरणे सर्वांत शेवटी, तेही दोर बांधून, हा क्रम त्यांच्या अंगी बाणला पाहिजे. बुडालेल्याला बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढत बसायचे नाही, आधी तोंडाने श्वास द्यायचा आणि मग मिनिटाला १०० ते १२० या वेगाने छाती दाबायची, हे हातांनी करून दाखवता आले पाहिजे. विहिरीपाशी लोकांना मागे ठेवायचे. रेल्वे रुळांपाशी दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबल्याची खात्री झाल्याशिवाय पाय टाकायचा नाही. २२ जानेवारी २०२५ ला पाचोऱ्याजवळ परधाडे येथे आगीच्या अफवेने गाडीतून उतरलेली माणसे शेजारच्या रुळावरच्या गाडीखाली सापडली, तेव्हा आसपासचे लोक मदतीला त्याच रुळांवर धावत गेले होते. आणि ३१ ऑगस्ट २०१९ चा शिरपूर तालुक्यातील वाघाडीचा रासायनिक कारखान्यातला स्फोट आठवा. तिथे वाऱ्याची दिशा बघून उभे राहायचे, हेही पहिल्याच पायरीचे शिक्षण आहे.

दुसरी आणि तिसरी पायरी भूभागाप्रमाणे वेगळी करावी. तापी, गिरणा, पांझराकाठच्या पथकांची परीक्षा वाहत्या पाण्याची असावी: फेकदोर पंधरा मीटरवरच्या माणसापर्यंत किती वेळा बरोबर पडतो, धारेत तिरके पोहून ठरलेल्या जागी काठ गाठता येतो का, उलटलेली बोट सरळ करता येते का, बंधाऱ्याचा धोका काठावरून ओळखता येतो का. तोरणमाळ, मनुदेवी, पाटणादेवी परिसरातल्या पथकांची परीक्षा दोराची आणि शोधाची असावी. दरीतून जखमी माणूस स्ट्रेचरवर वर आणणे, मणक्याला धक्का न लावता तो हलवणे, रात्री हरवलेल्याचा माग काढणे.

नंदुरबार जिल्ह्यातल्या अस्तंब्याच्या यात्रेचा वेगळा उल्लेख करतो. दिवाळीच्या अंधाऱ्या रात्री महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशातून आलेले हजारो भाविक चार हजार फुटांहून उंच शिखर चढतात. पायवाट अरुंद, गर्दी दाट, मोबाइलला रेंज कधी आहे कधी नाही. दरवर्षी ठरलेल्या तिथीला येणारी ही एवढी मोठी परीक्षा आपल्याकडे आहे. प्रमाणित पथके वाटेवर टप्प्याटप्प्याने उभी करून, प्रत्येक टप्प्यावर वायरलेस देऊन, इथेच पहिला प्रत्यक्ष प्रयोग करता येईल. नर्मदाकाठचे गाव असेल तर होडीचे शिक्षण वेगळे लागेल. २०१९ च्या संक्रांतीला धडगाव तालुक्यात नर्मदेत बोट उलटली, त्या वेळी जवळच्या डोंग्यांनी माणसे उचलली होती. त्या डोंगीवाल्यांना प्रमाणपत्र कोण देणार, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

कारण इथेच मानक चुकू शकते. परीक्षा लेखी ठेवली, अट दहावी पासची घातली, पुस्तिका प्रमाण मराठीत किंवा इंग्रजीत छापली, तर शहरातली मुले पास होतील आणि ज्याला तापीचा प्रत्येक डोह ठाऊक आहे तो भोई नापास होईल. जंगलात मोडलेल्या फांदीवरून माणूस कुठे वळला हे सांगणारा पावरा तरुण रांगेतच राहील. झोळीतून बाळंतिणीला डोंगर उतरवून आणणाऱ्यांना भार कसा विभागायचा हे कुणी शिकवायची गरज नाही. मणका कसा सांभाळायचा एवढेच जोडून द्यायचे आहे. म्हणून परीक्षा करून दाखवण्याची असावी, प्रश्न तोंडी असावेत, आणि ते अहिराणीत, पावरीत, भिलीत विचारले जावेत. परीक्षकांमध्ये त्या भागातला एक जाणता नावाडी किंवा वाटाड्या असावा. आणि जे परीक्षेला बसणार नाहीत त्यांना पुराच्या वेळी हाकलू नये. त्यांना प्रमाणित पथकप्रमुखाच्या हाताखाली काठावरचे काम द्यावे.

पथकांत बायका हव्यात, तेही मानकात लिहून ठेवावे. रात्री पुराच्या पाण्यातून गरोदर बाई, म्हातारी, वयात आलेली मुलगी बाहेर काढायची असते तेव्हा ती अनोळखी पुरुषाच्या हाताला धरायला कचरते आणि तेवढ्यात पाणी वाढते.

प्रमाणपत्र दोन वर्षांचेच असावे. हृदयाला दाब देण्याचे कौशल्य सरावाशिवाय काही महिन्यांतच सैल होते, म्हणून प्रथमोपचाराची अनेक प्रमाणपत्रे जगभर दोन वर्षांनी संपतात. दोराच्या गाठींचे आणि पोहण्याचेही तसेच. दर पावसाळ्याआधी एक सराव आणि दोन वर्षांनी फेरपरीक्षा, यात कुणाचाही अपमान नाही.

आता शासनाकडून काय हवे ते. माणसाला परीक्षा द्यायला लावायची आणि नंतर त्याला वाऱ्यावर सोडायचे, असे होऊ नये. माझी सूचना साधी आहे. जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ क्रमांकावरून पथक बोलावले की त्या कामगिरीला एक नोंदणी क्रमांक द्यावा. तो क्रमांक मिळाल्याच्या क्षणापासून पथकातल्या प्रत्येकाचा विमा लागू व्हावा, गाडीच्या इंधनाचा खर्च मिळावा, नोकरीवरची गैरहजेरी कर्तव्य म्हणून धरली जावी, आणि पंचनाम्यासाठी, जबाबासाठी त्याला पुन्हा पुन्हा ठाण्यात फेऱ्या माराव्या लागू नयेत. रस्ते अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण मिळाले आहे. पाण्यातून आणि दरीतून माणूस काढणाऱ्यालाही तसेच लेखी संरक्षण आपल्या आदेशात मिळावे.

त्याच आदेशात आणखी एक वाक्य असावे, अशी हात जोडून विनंती आहे. प्रमाणित पथकप्रमुखाने ‘आता उतरता येणार नाही’ असे सांगितले तर घटनास्थळी असलेल्या कुठल्याही अधिकाऱ्याने, पुढाऱ्याने किंवा नातेवाइकाने त्याला भाग पाडू नये. काठावर गर्दी असते, आई आक्रोश करत असते, कॅमेरे सुरू असतात. तेव्हा ‘थांबा’ म्हणणाऱ्या पोराच्या पाठीशी आपली सही असली पाहिजे. बुडालेला माणूस जिवंत असण्याची शक्यता संपलेली असेल, तर मृतदेहासाठी जिवंत माणसाला पुरात ढकलण्याचे कारण उरत नाही. पाणी ओसरल्यावर शोध घेता येतो.

मृतदेहांबद्दल आणखी थोडे. ही मुले दिवसेंदिवस गळ टाकून शोध घेतात, फुगलेले देह काठाला आणतात, आणि संध्याकाळी घरी जाऊन जेवायला बसतात. त्यांची झोप जाते. कित्येकजण याबद्दल कुणाशी बोलत नाहीत. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचे डॉक्टर आहेत; मोठ्या कामगिरीनंतर आठवडाभरात पथकाने त्यांच्यासोबत एकदा बसणे हे मानकाचाच भाग करावे.

हे सगळे उभे करायला नवी संस्था काढावी लागणार नाही. शिकवायला धुळ्याची तुकडी आहे. दोराच्या कामासाठी अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाची मदत मागता येईल. सह्याद्रीतल्या गिर्यारोहकांनी २०१८ मध्ये आंबेनळी घाटातली बस दरीत कोसळली तेव्हा आणि २०२३ मध्ये इर्शाळवाडीला काय केले ते राज्याने पाहिले आहे. प्रथमोपचारासाठी जळगाव, धुळे, नंदुरबारची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. नोंदणी, मुदत आणि फेरपरीक्षेच्या तारखा सांभाळायला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ योग्य ठरेल. त्याचे कार्यक्षेत्र नेमके हेच तीन जिल्हे आहेत आणि राष्ट्रीय सेवा योजनेची मुले त्याच्याकडे आहेत. मात्र शिकवणारा आणि परीक्षा घेणारा एकच असू नये.

आपण तिघांनी एकत्र बैठक घ्यावी. तापी तिन्ही जिल्ह्यांतून किंवा त्यांच्या सीमेवरून वाहते. हतनूरचे ४१ दरवाजे उघडले की पाणी जळगाव सोडून धुळ्यात आणि नंदुरबारात येणारच असते. शिरपूरचे पथक चोपड्यात आले तर दोघांच्या गाठी, इशारे आणि शिट्ट्या सारख्या असाव्यात. त्या बैठकीला किमान चार नावाडी, दोन वाटाडे आणि आजवर पथकांत काम केलेल्या बायका यांना बोलवावे, आणि त्यांचा त्या दिवसाचा रोज बुडणार आहे हे लक्षात ठेवून भत्ता द्यावा. मसुदा दिवाळीपूर्वी व्हावा, म्हणजे अस्तंब्याला त्यातला शोधाचा भाग वापरून बघता येईल. पाण्याची पहिली परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये, आवर्तन सुटलेले असताना गिरणेत घ्यावी. पाणी वाहते असेल पण आवाक्यातले असेल. त्यासाठी पाटबंधारे विभागाशी आवर्तनाच्या तारखा जुळवून घ्याव्या लागतील, म्हणून त्या विभागाच्या अभियंत्यांनाही पहिल्याच बैठकीला बोलवावे.

आपला विश्वासू,
तापीकाठचा एक स्वयंसेवक,
भुसावळ